अपिलाचं रेकॉर्ड वाचायला शिकवणार कोण?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उच्च न्यायालयात फौजदारी अपील दाखल झालं की खालच्या कोर्टातली फिर्याद, पंचनामे, साक्षीदारांच्या मराठी साक्षी हे सगळं इंग्रजीत करून पेपरबुकात, म्हणजे न्यायमूर्तींपुढे जाणाऱ्या कागदपत्रांच्या संचात, घालावं लागतं. ही भाषांतरं करण्यात माझी २८ वर्षं गेली. मी वकील नाही. पण खुनाच्या, हुंडाबळीच्या, अत्याचाराच्या खटल्यांची कागदपत्रं मी ओळ न् ओळ वाचली आहेत, आणि त्या वाचनातून जे दिसलं ते कुठेतरी मांडलं पाहिजे असं फार दिवस मनात होतं.

जन्मठेपेविरुद्धचं एक अपील होतं. आरोपीकडे वकील लावायला पैसे नव्हते, म्हणून मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या विधी सेवेच्या पॅनेलवरचे एक तरुण वकील नेमले गेले. पेपरबुकातलं भाषांतर दुसऱ्या कुणीतरी केलेलं. त्यातली चार पानं नीट लागत नाहीत म्हणून ते माझ्याकडे आले. शेजारच्या बाईची साक्ष होती. इंग्रजीत असं दिसत होतं की ती बाहेर आली आणि तिच्यासमोर तो माणूस कोसळला. मी म्हटलं, मूळ मराठी आणा. दोन दिवसांनी त्यांनी नक्कल आणली. त्यात वाक्य होतं : 'आरडाओरड ऐकून मी दार उघडलं, तर तो अंगणात पडलेला होता.'

'पडला' आणि 'पडलेला होता'. बाईनं दार उघडलं तेव्हा वार होऊन गेला होता. तिनं मारणारा पाहिलाच नव्हता. सत्र न्यायालयाच्या निकालात मात्र तिला प्रत्यक्षदर्शी धरलेलं, आणि अपिलाच्या मेमोत, म्हणजे अपिलाची कारणं मांडणाऱ्या अर्जात, त्याबद्दल एक अक्षर नव्हतं.

त्या वकिलांचा चेहरा उतरला. म्हणाले, "मॅडम, मूळ रेकॉर्ड काढून बघायचं असतं हे मला आजवर कुणी सांगितलंच नाही." माणूस हुशार होता, मेहनती होता, पेपरबुकाच्या पानापानाला चिठ्ठ्या लावलेल्या होत्या. पुढे त्यांनी खंडपीठापुढे ती मूळ साक्ष वाचून दाखवली आणि त्या बाईला प्रत्यक्षदर्शी मानणं थांबलं. तोवर आरोपीनं नऊ वर्षं तुरुंगात काढली होती.

मी त्यांना दोष देत नाही. त्यांना शिकवलं कुणी? कायद्याची पदवी, मग सनद, मग बार कौन्सिलची १०० वस्तुनिष्ठ प्रश्नांची परीक्षा. कॉलेजात मूट कोर्ट, म्हणजे सरावाचं नकली कोर्ट, असतं, पण तिथे घटना आधीच ठरवून, चार पानांत छापून हातात देतात आणि त्यावर कायद्याचा वाद घालायला सांगतात. सहाशे पानांचं रेकॉर्ड समोर टाकून 'यात घडलं काय ते तूच शोध' असं कुणी सांगत नाही. अपिलाचं काम तर नेमकं तेच आहे. खालच्या कोर्टात साक्षीदार समोर उभा असतो, त्याला उलटतपासात विचारता येतं. अपिलात साक्षीदार नसतो. जे काही आहे ते त्या कागदांत, आणि जे विचारायचं राहून गेलं तेही त्या कागदांतच ओळखावं लागतं.

एक उदाहरण देते. साक्षीदार कोर्टात म्हणतो, आरोपीच्या हातात कोयता होता. पोलिसांपुढच्या जबाबात कोयत्याचा उल्लेखच नाही. वकिलांच्या भाषेत हे 'ऑमिशन'. ते महत्त्वाचं असेल तर ती विसंगतीच ठरते, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या १९५९च्या तहसीलदार सिंग निकालापासून अशा विसंगतीचा वापर कसा करायचा हे ठरलेलं आहे. पण साक्षीदारानं कबूल केलं नाही, तर तपासी अंमलदाराच्या साक्षीत ती सिद्ध करून घ्यावी लागते. त्यामुळे अपिलाच्या वकिलानं साक्षीदाराची उलटतपासणी वाचून थांबायचं नसतं. तिथून उठून तपासी अंमलदाराच्या साक्षीत जायचं, त्याला तो प्रश्न विचारला गेला का ते बघायचं. मी भाषांतर करताना दोन्ही साक्षी शेजारी ठेवते, म्हणून मला हे दिसतं. कितीतरी वकिलांना ते ऐन सुनावणीत, न्यायमूर्तींनी विचारल्यावर कळतं.

तसाच आरोपीचा जबाब. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं कलम ३१३, तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत आता ३५१. पुराव्यातली प्रत्येक विरुद्ध बाब आरोपीपुढे ठेवून त्याचं म्हणणं विचारायचं, असा दंडक. जी बाब विचारलीच नाही ती त्याच्याविरुद्ध वापरू नये, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८४च्या शरद बिरधीचंद सारडा खटल्यात स्पष्ट म्हटलं. परिस्थितिजन्य पुराव्याचं 'पंचशील' त्याच निकालातलं. पाच तत्त्वं अनेकांना तोंडपाठ असतात. पण निकालपत्रातला प्रत्येक मुद्दा घेऊन तो आरोपीला विचारला होता का, हे प्रश्नोत्तरांशी ताडून बघणं ही वेगळी सवय आहे. ती कुणाशेजारी बसूनच लागते. शिवाय १ जुलै २०२४ पासून नवी संहिता आली, तरी त्याआधीची अपिलं जुन्या कायद्यानंच चालतात. म्हणजे दोन्ही पुस्तकं टेबलावर.

सर्वोच्च न्यायालयानं त्याच्या परीनं बरंच सांगून ठेवलं आहे. १९७८च्या होस्कोट निकालात तुरुंगातल्या माणसाला निकालाची प्रत मोफत आणि अपिलासाठी वकील, हे दोन्ही आलं. १९९६च्या बनी सिंग निकालात वकील गैरहजर म्हणून अपील तसंच फेटाळू नका, रेकॉर्ड बघूनच निकाल द्या, असं आलं. २०१९च्या अनोखीलाल खटल्यात वकील नेमला त्याच दिवशी आरोप निश्चित झाले होते. त्यावर न्यायालयानं सांगितलं, जन्मठेप किंवा फाशी होऊ शकेल अशा खटल्यात न्यायमित्र, म्हणजे कोर्टानं मदतीला नेमलेला वकील, म्हणून किमान दहा वर्षं वकिली केलेल्यांचाच विचार करा, आणि तयारीला साधारण सात दिवस तरी द्या. हे फार मोलाचं आहे. तरीही मला वाटतं, दहा वर्षं दिवाणी दावे चालवलेला वकील ज्येष्ठ असेल, पण फौजदारी अपिलाचं रेकॉर्ड त्यानं कधी उघडलेलं असेलच असं नाही.

न्यायाधीशांना रुजू होताना प्रशिक्षण मिळतं, त्यासाठी उत्तनला न्यायिक अकादमी आहे. त्याच रेकॉर्डवर आरोपीच्या बाजूनं बोलणाऱ्याला मात्र सनद पुरते. विधी सेवा प्राधिकरणाची शिबिरं होतात, मी एक-दोन ऐकलीही आहेत. व्याख्यानं चांगली होती. पण एकाच्याही हातात रेकॉर्ड नव्हतं.

माझी मागणी एवढीच आहे. उच्च न्यायालयात अपिलासाठी पॅनेलवर नाव घेण्याआधी त्या वकिलाला निकाल लागून गेलेल्या एका अपिलाचं संपूर्ण रेकॉर्ड, नावं झाकून, वाचायला द्यावं. दोषारोपपत्रापासून कोर्टातल्या रोजच्या कामाच्या नोंदींपर्यंत, म्हणजे रोजनाम्यापर्यंत, सगळं. त्यानं घटनांची तारीखवार टिपणी करावी, निशाण्यांचा, म्हणजे पुराव्यातल्या क्रमांक दिलेल्या कागदांचा, तक्ता मांडावा, मुद्देमाल जप्तीपासून प्रयोगशाळेपर्यंत कुणाच्या ताब्यात होता ते काढावं, मूळ मराठी आणि भाषांतर ताडावं, आणि मग अनुभवी वकिलापुढे बसून ते टिपण तपासून घ्यावं. त्यानंतर खरा निकाल वाचावा. पंधरा दिवसांचं काम आहे. आणि एकदा तरी तुरुंगात जाऊन आपल्या अशिलाला भेटावं. मी पाहिलेल्या कित्येक अपिलांत वकिलानं अशिलाला कधी बघितलेलंही नव्हतं. रेकॉर्डवर न आलेलं काही अपिलात सहसा सांगता येत नाही, हे मला ठाऊक आहे. पण रेकॉर्डमध्ये काय शोधायचं हे तो माणूस सांगू शकतो.

विधी सेवा समितीनं किंवा एखाद्या वकील संघानं असा वर्ग सुरू केला, तर मूळ साक्ष आणि भाषांतर ताडून बघण्याचा भाग मी शिकवायला तयार आहे. मानधन नको. माझ्याकडे अशा वाक्यांची एक जाड वही आहे. 'पडलेला होता' हे तिच्यातलं पहिलं वाक्य.

आपली,
फौजदारी अपिलांची एक भाषांतरकार