माळ्यावरचा पाइप आणि सुतळीएवढी धार

मा. संपादक,
स. न. वि. वि.

टेक्सासमधील ऑस्टिनला १४-१५ फेब्रुवारी २०२१ रोजी ६ इंचांहून थोडा अधिक बर्फ पडला, पारा उणे १४ अंशांजवळ गेला, वीज गेली आणि कितीतरी घरांतले पाइप फुटले. आपली अनेक मुले आज तिथे राहतात, म्हणून हे पत्र.

तिथे पुष्कळ घरांत पाण्याचे पाइप माळ्यातून किंवा बाहेरच्या भिंतीतून नेलेले असतात. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते. तरी पाइप बर्फाच्याच जागी फुटतो असे नाही. बर्फाचे बूच वाढते, पुढचे पाणी बंद तोटीकडे रेटले जाते, दाब चढतो आणि तांब्याचा पाइप शेंगेसारखा उकलतो. बूच असेतो थेंबही गळत नाही. ऊन पडले की छतातून पाणी कोसळते.

म्हणून बाहेरच्या भिंतीलगतचे नळ, गरम-थंड दोन्ही, रात्री सुतळीएवढ्या धारेने सोडून ठेवावेत. सिंकखालच्या कपाटाची दारे उघडी ठेवावीत. बागेची नळी आधीच सोडवावी. तिच्यात अडकलेल्या पाण्याचा बर्फ मागे भिंतीपर्यंत धरतो, आतला पाइप चिरतो आणि ती चीर वसंतात नळ सोडल्यावरच कळते.

वीज बराच वेळ येणार नसेल, तर धारेवर विसंबू नये. मेन कॉक बंद करून घरातले पाणी काढून टाकावे. हा कॉक बहुधा रस्त्यालगत, जमिनीतल्या मीटरच्या पेटीत असतो. वर्षानुवर्षे न फिरवलेला जुना चाकाचा कॉक ऐन वेळी जाम होतो, तेव्हा ऑक्टोबरातच फिरवून पाहिलेला बरा. कॉक बंद झाला की आधी विजेच्या गिझरचा ब्रेकर पाडायचा, कारण वीज परतली आणि टाकीत पाणी नसले तर एलिमेंट जळते. मग सर्वांत वरचा नळ उघडायचा, म्हणजे हवा आत शिरते, आणि त्यानंतर सर्वांत खालचा. फ्लशही रिकामे करावेत.

गोठलेला पाइप हेअर ड्रायरने शेकावा: नळ उघडा ठेवून, नळाकडून मागे सरकत, म्हणजे वितळलेल्या पाण्याला वाट मिळते. पाइपला ज्योत कधीही लावू नये.

आणि सर्वांत कळकळीचे. त्या दिवसांत ऊब मिळावी म्हणून कोणी घरात कोळशाची शेगडी पेटवली, कोणी बंद गॅरेजात गाडी चालू ठेवली. ह्यूस्टनमध्ये कार्बन मोनॉक्साइडने माणसे दगावली. या वायूला वास नसतो. शेगडी घराबाहेरच असावी, आणि जनरेटर दारे-खिडक्यांपासून किमान २० फूट लांब.

– एक वाचक, ऑस्टिन (टेक्सास)