ते सरबत नव्हतं

ती. आई-बाबा,

सा. न.

किती वर्षांनी हातानं पत्र लिहितेय. कागद हॉटेलचा आहे, त्यावर रेघा नाहीत. ओळी उतरणीला लागल्या तर बाबांनी लाल पेन शोधू नये.

कारण तुम्हाला माहीत आहे. परवा ऑफिसच्या ग्रुपवर टाकायचा फोटो मी घरच्या ग्रुपवर टाकला. पुसायला गेले तोवर काकूचा अंगठा येऊन पडलाही होता. बाबांच्या दोन निळ्या खुणा आल्या, शब्द एकही नाही. आणि आई, तू रात्री फोनवर इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर हळूच विचारलंस, ‘‘ते काकडी घातलेलं सरबत होतं का गं?’’ मी हो म्हणाले. बेचाळिसाव्या वर्षी आईशी खोटं बोलले आणि मग रात्रभर कूस बदलत राहिले.

ते सरबत नव्हतं. त्याला पिम्स कप म्हणतात, त्यात दारू असते, आणि मी ते चवीनं प्यायले. ही काही पहिली वेळ नव्हती. वर्षातून चार-पाच वेळा, लोकांबरोबर, एखादा ग्लास. तुम्ही कधी विचारलं नाहीत, मी कधी सांगितलं नाही. आता फोटोनं अर्धवट सांगितलंच आहे, तर उरलेलं मीच सांगते. बाबा, पत्र शेवटपर्यंत वाचा, कारण त्या संध्याकाळी मला सगळ्यात जास्त तुमची आठवण आली. का ते कळेलच.

न्यू ऑर्लिन्समधलं आमचं काम गुरुवारी दुपारी संपलं. बरोबरच्या दोघींनी जुन्या कॉकटेल बारांची फेरी आधीच ठरवून ठेवली होती. संध्याकाळी साडेपाचला निघायचं, फ्रेंच क्वार्टर या शहराच्या जुन्या भागातून पायी फिरायचं, चार ठिकाणी थांबायचं. बरोबर एक गाइड. हा साठीचा, डोक्यावर गवती टोपी, आवाज वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असा. त्यानं आधी सगळ्यांची ओळखपत्रं बघितली, कारण इथे एकवीस वर्षांखालच्याला दारू देत नाहीत. माझे पांढरे केस बघूनसुद्धा त्यानं पासपोर्ट मागितला, याचा मला उगाच आनंद झाला. आमच्यातला एक जण अजिबात पीत नव्हता. तो प्रत्येक ठिकाणी सोडा-लिंबू घेत होता आणि त्याला कुणी आग्रह केला नाही. हे आईसाठी मुद्दाम लिहिलं.

मला वाटलं होतं, आधी बारमध्ये नेतील. पण त्यानं आम्हाला रॉयल स्ट्रीटवर ४३७ नंबरच्या घरासमोर उभं केलं आणि म्हणाला, इथे औषधाचं दुकान होतं. १८३०च्या दशकात आंत्वान पेशो नावाचा माणूस इथे औषधं बनवायचा. त्याचे घरचे लोक सँ-दोमँग म्हणजे आजच्या हैतीतून, तिथल्या उठावाच्या धामधुमीत पळून आलेले. पेशोचं एक कडू औषध होतं, पोटासाठी. त्यात मुख्य कडवटपणा जेन्शनच्या मुळीचा. बाबा, जेन्शन! तुमच्या दवाखान्यातल्या त्या तपकिरी बाटलीवरचं लेबल मला पाठ होतं, टिंक्चर जेन्शन. भूक लागत नाही म्हणून आलेल्या पोरांना तुम्ही ते मिक्श्चरमध्ये घालून द्यायचात आणि पोरं तोंड वाकडं करायची. पेशो आपलं औषध ब्रँडीत घालून द्यायचा. त्याच्या गिऱ्हाइकांनी तोंड वाकडं केलं नसणार. तेच हे पेशो बिटर्स, आजही बाटलीत मिळतं, लालभडक रंगाचं.

पुढची गोष्ट गाइडनं फार रंगवून सांगितली. पेशो म्हणे ते मिश्रण उकडलेलं अंडं ठेवायच्या छोट्या पेल्यातून द्यायचा, त्या पेल्याला फ्रेंचमध्ये कोकतिए म्हणतात, आणि त्याचा अपभ्रंश होऊन झालं कॉकटेल. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग तो मिश्कील हसला आणि म्हणाला, गोष्ट छान आहे, फक्त खरी नाही. न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन गावच्या एका वर्तमानपत्रात १८०६ सालीच कॉकटेलची व्याख्या छापून आली होती, की कुठलीही दारू, साखर, पाणी आणि बिटर्स. तेव्हा पेशो पाळण्यातून नुकता उतरलेला होता. मला तो गाइड तिथेच आवडला. गोष्ट सांगायची आणि मग स्वतःच तिचं लेबल तपासायचं, ही तुमचीच सवय.

पहिला थांबा नेपोलियन हाउस. फोटो इथलाच. भिंतींचा गिलावा इतका जुना आणि डागाळलेला की आपण असतो तर दिवाळीच्या आत रंगारी बोलावला असता. यांनी तो तसाच जपलाय, त्याचाच रुबाब आहे. आत हळू आवाजात पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत. घर निकोलस जिरो याचं, हा १८१२ ते १८१५ या शहराचा महापौर होता. कैदेतल्या नेपोलियनला सोडवून आणायचं आणि या घरात ठेवायचं असा बेत होता म्हणतात. नेपोलियन १८२१ मध्ये सेंट हेलेना बेटावरच वारला, घराला नाव तेवढं चिकटलं. येणाऱ्यांनी फार पिऊन गोंधळ घालू नये म्हणून जुन्या मालकांनी पिम्स कप चालू केलं असं सांगतात, कारण ते सौम्य असतं. उंच ग्लास, बर्फ, लेमोनेड, वर काकडीची चकती. म्हणजे आई, तुझा अंदाज अगदीच चुकीचा नव्हता. सरबताच्या जवळचं काही तिथे मिळत असेल तर ते हेच.

तिथून बूर्बाँ स्ट्रीटला. हे नाव व्हिस्कीवरून पडलेलं नाही, फ्रान्सच्या राजघराण्यावरून पडलंय. रस्ता मात्र आता राजघराण्याला शोभेल असा राहिलेला नाही. गर्दी, कर्णे, ओल्या फरशांचा आंबूस वास. लोक प्लास्टिकच्या ग्लासात दारू घेऊन राजरोस रस्त्यानं चाललेले. इथे ते चालतं, फक्त काच रस्त्यावर आणायची नाही. ग्लास रिकामा झाला नसेल तर बारवालाच प्लास्टिकच्या ग्लासात ओतून देतो. मला तो रस्ता आवडला नाही. कोपऱ्यावरचं ओल्ड अ‍ॅब्सिंथ हाउस आवडलं, इमारत १८०६-०७ची. अ‍ॅब्सिंथ ही हिरवट, बडीशेपेच्या वासाची कडक दारू. ती प्यायल्यानं माणूस वेडा होतो अशी भीती पसरली आणि १९१२ मध्ये अमेरिकेत तिच्यावर बंदी आली. ती उठली थेट २००७ मध्ये. तिथे ग्लासातल्या अ‍ॅब्सिंथवर पाणी थेंबाथेंबानं पडायचं, हिरव्याचं दुधाळ होत जायचं. मी फक्त वास घेतला. मला पुरला.

सगळ्याच दारूवर बंदी होती ती १९२० ते १९३३. त्या काळात इझी आइनस्टाइन नावाचा एक सरकारी अधिकारी गावोगाव जाऊन किती वेळात दारू मिळते ते घड्याळ लावून बघायचा. न्यू ऑर्लिन्सचा आकडा ३५ सेकंद. उतरल्यावर टॅक्सीवाल्याला विचारलं, त्यानं सीटखालून बाटली काढली. हे ऐकून मी एकटीच मोठ्यांदा हसले. बाकीच्यांना त्यात नवल वाटलं नसावं.

मग मॉन्टेलिओन हॉटेलातला कॅरोसेल बार. जत्रेतल्या पाळण्यासारखा सजवलेला गोल बार, पंचवीस खुर्च्या, आणि १९४९ पासून तो खुर्च्यांसकट फिरतोय. एक फेरी पंधरा मिनिटांत. इतका सावकाश की कळतच नाही. मी हात धुवायला गेले, परत आले, तर माझी खुर्ची जागेवर नाही. मी ज्या खांबाची खूण ठेवली होती तिथे एक अनोळखी आजोबा बसलेले. त्यांना सवय असावी, त्यांनी न बोलता बोट दाखवलं. मी इथे, माझी पर्स आणि मैत्रिणी निम्म्या वर्तुळाच्या अंतरावर. बाबा, त्या क्षणी मी काहीही प्यायलेली नव्हते, याची कृपया नोंद घ्यावी. इथे मी पाणीच घेतलं होतं.

शेवटी कॅनल स्ट्रीट ओलांडून रूझवेल्ट हॉटेल, तिथला सॅझरॅक बार. अक्रोडी लाकडाचा लांबलचक बार, मागे भित्तिचित्रं. पेशोचं औषध जिथे जाऊन पोचलं ते पेय म्हणजे सॅझरॅक. २००८ मध्ये इथल्या लुइझियाना राज्याच्या विधिमंडळानं ठराव करून त्याला न्यू ऑर्लिन्सचं अधिकृत कॉकटेल केलं. विधिमंडळाला सगळीकडेच वेळ असतो.

मी बारला अगदी चिकटून उभी राहिले आणि बघत राहिले. बारटेंडर चाळिशीची बाई होती. दोन ग्लास. एकात नुसता बर्फ, गार व्हायला ठेवलेला. दुसऱ्यात साखरेची वडी, तिच्यावर बिटर्सचे थेंब, मोजून. वडी गुलाबी झाली. ती चेचली, वर राय व्हिस्की मापून घातली, बर्फ घालून ढवळलं. मग पहिल्या ग्लासातला बर्फ फेकून दिला, आत अ‍ॅब्सिंथसारख्याच वासाची हर्बसेंट टाकली, ग्लास तिरका धरून गोल फिरवला आणि उरलेली ओतून टाकली. तिचा नुसता वास राहायला हवा. त्यात दुसऱ्या ग्लासातलं गाळून घेतलं. लिंबाची साल वर धरून पिळली, तेलाचा बारीक फवारा उडाला, तो दिव्यात दिसला. एक शब्द बोलली नाही. मला तुम्ही दिसलात बाबा. औंस ग्लास डोळ्याच्या पातळीला धरलेला, मिक्श्चर खुणेपर्यंत आलं की श्वास सोडायचा, मग कागदाची पट्टी घडी घालून कात्रीनं खाचा पाडायच्या आणि बाटलीला चिकटवायची, एका खाचेचा एक डोस. तेव्हा तुमच्याशीही कुणी बोलायचं नाही.

सॅझरॅकमध्ये आधी व्हिस्की नव्हती, फ्रान्सची कोन्याक ब्रँडी होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फायलॉक्सेरा नावाच्या किडीनं फ्रान्समधले द्राक्षमळे खाल्ले, ब्रँडी मिळेना, म्हणून व्हिस्की आली. अ‍ॅब्सिंथवर बंदी आली म्हणून १९३४ पासून हर्बसेंट. म्हणजे मूळ औषधातलं टिकून राहिलं ते तुमचं जेन्शन.

आई, आता तुझ्यासाठी. तिथेच दुसरं एक पेय होतं, रामोस जिन फिझ. हेन्री रामोस या बारवाल्यानं १८८८ मध्ये काढलेलं. जिन, लिंबू, साखर, साय, अंड्याचा पांढरा बलक आणि संत्र्याच्या फुलांचं पाणी, आणि हे सगळं बारा मिनिटं हलवायचं. १९१५च्या मार्डी ग्रा उत्सवात त्यानं नुसतं हलवायला पस्तीस माणसं रांगेत उभी केली होती, एकाचा हात भरून आला की पुढच्याच्या हातात. मी घोटभर चाखलं. ताक घुसळताना वर येतो तसला फेस, पण ग्लासाच्या बाहेर बोटभर उभा राहिलेला.

आणि हे नीट वाच. या बारमध्ये बायकांना वर्षातून एकाच दिवशी प्रवेश असायचा, मार्डी ग्राच्या. २६ सप्टेंबर १९४९ला बार या हॉटेलात नव्यानं उघडला आणि बायकांना रोज दार मोकळं झालं. त्या दिवशी त्यांची झुंबड उडाली. अजून दर सप्टेंबरला तिथे बायका त्या काळच्या टोप्या घालून जमतात. मी खुशीत ग्लास उचलला, तेवढ्यात गाइड म्हणाला, ‘‘बायका म्हणजे गोऱ्या बायका हं.’’ काळ्या-गोऱ्यांना अशा ठिकाणी वेगळं ठेवणं कायद्यानं बंद व्हायला १९६४ उजाडावं लागलं. बारमागची ती बाई काळी होती. ती लिंबाची साल काढत होती, तिनं मान वर केली नाही. तिनं हे वाक्य आठवड्यातून किती वेळा ऐकलं असेल कोण जाणे. ग्लास परत खाली ठेवला तर ते नाटक झालं असतं, म्हणून एक घोट घेतला. तो काही नीट उतरला नाही.

बाबा, हिशोब देते. एक पिम्स कप पूर्ण. सॅझरॅक अर्धा, तो फार कडक होता. फिझचा एक घोट. अडीच तास, मध्ये तीन ग्लास पाणी. परत चालत, एकटी नाही, साडेआठला खोलीवर. साखर-ब्लडप्रेशर अजून तरी ठीक आहे, रिपोर्ट मागच्या महिन्यात पाठवलाय.

या पत्राबरोबर एक छोटी डबी येईल. आत दोन तोंडांचं स्टीलचं माप आहे, एकीकडे दीड औंस, दुसरीकडे पाऊण. बारवाले याला जिगर म्हणतात. आपल्या जिगरीशी त्याचा काही संबंध नाही, पण विकत घेताना मला हसू आलं. तुमच्याकडची जुनी सिरिंज काढा आणि पाणी भरून बघा, खुणा बरोबर आहेत का. अमेरिकन औंस साडेएकोणतीस मिलिलिटरचा असतो, तो धरून बघा. मला शंका आहे, पाऊणवाली बाजू थोडी कमी भरते. आई, तुम्हाला मापून व्हायच्या आत तू त्यात तुळशीला पाणी घालायला घेऊ नकोस.

काय निघालं ते फोनवर सांगा. ग्रुपवर नको.

तुमची,
ताई