लायकेन बघायला शिकवणाऱ्या ताईंना

ताई, व्हॉट्सॲपवर थँक यू म्हणून झालं पण तेवढ्याने माझं समाधान होत नाहीये, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय.

सगळ्यात आधी आभार तुमच्या नकाराचे. मला थेट महाबळेश्वरच्या जंगलात जाऊन लायकेन (बुरशी आणि शैवाल एकत्र राहून बनतं ते, झाडांच्या सालीवर वाढणारं) गोळा करायचं होतं आणि तुम्ही म्हणालात, आधी वाण्याकडून दगडफुलाची पुडी घेऊन ये. गोड्या मसाल्यात घालतो तेच, तेही लायकेनच. पेपर अंथरून तुम्ही ती पुडी टेबलावर ओतलीत, दहा पटीचं भिंग हातात दिलंत आणि सांगितलंत की आता वेगवेगळे ढीग कर. रुंद पाकळ्यांचं, खालून काळं ते पार्मोट्रेमा, अरुंद पट्ट्यांचं आणि कडेला काळे केस असलेलं ते एव्हर्नियास्ट्रम, आणि दोऱ्यांच्या गुंत्यासारखं दिसतं ते अस्निया, ते भिजवून हळूच ताणलं की बाहेरचं आवरण तुटतं आणि आत पांढरी लवचिक दोरी दिसते. ती दोरी दिसली तेव्हा मी ओरडलेच होते! घरात एवढा मसाला भाजला जातो आणि एका पुडीत इतकं काय काय असतं हे कोणी सांगितलंच नव्हतं.

मग स्पॉट टेस्ट. ब्लेडने वरचा थर खरवडायचा, आतल्या पांढऱ्या थरावर ब्लीचचा एक थेंब टाकायचा, पार्मोट्रेमा टिंक्टोरम असेल तर लेकॅनोरिक ॲसिडमुळे लगेच लाल होतं. पार्मोट्रेमाचीच दुसरी जात रेटिक्युलेटम, तिच्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला की आधी पिवळं आणि बघता बघता लाल, आणि परलॅटम या तिसऱ्या जातीवर पिवळ्याचं फार तर नारिंगी. फोटोत तिन्ही राखाडीच दिसतात, म्हणून तर तुम्ही फोटोवरून जातीचं नाव कधीच सांगत नाही. आधी मला हे फार कडक वाटायचं, आता पटतं.

जंगलात नेण्याआधी वनखात्याच्या परवानगीसाठी तुम्ही किती हेलपाटे घातलेत ते मला माहितीये, त्याचे वेगळे आभार. तिथे अंजनी, जांभूळ, पिसा, सगळ्यांच्या सालीवर काहीतरी होतंच, पण तुम्ही आधी वादळात पडलेल्या फांद्या बघायला लावल्या, आणि उभ्या झाडावरून घ्यायचंच तर जिथे भरपूर आहे तिथूनच आणि तेही नखाएवढं, कारण बरीचशी लायकेन वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर वाढतात. सालीला घट्ट चिकटलेलं असेल तर छिन्नीने सालीचा पातळ पापुद्राच काढायचा, आतल्या जिवंत भागाला धक्का नाही. कागदाचं पाकीट, प्लास्टिक अजिबात नाही, बुरशी लागते. आणि झाड कुठलं, जमिनीपासून किती उंचीवर, ऊन की सावली, हे सगळं तिथेच उभं राहून पाकिटावर लिहायचं.

तिथे मिळालेल्या त्या ग्राफिस नावाच्या लायकेनचं तर काय सांगू, गुळगुळीत सालीवर कोणीतरी काळ्या शाईने बारीक रेघोट्या मारल्यासारखं! रात्री उशिरापर्यंत तुम्ही त्याचे पातळ काप करून मायक्रोस्कोपखाली बीजाणू दाखवत बसलात, आणि शेवटी पाकिटावर फक्त 'ग्राफिस' एवढंच लिहिलंत, कारण त्यापुढे जायला केमिस्ट्री बघावी लागणार होती. तुमच्यासारखं माणूस तिथे थांबतं हे बघूनच मी जास्त शिकले. नंतर पुण्यात आघारकर संस्थेतला लायकेनचा संग्रह दाखवलात, पटवर्धन सर आणि मखिजा मॅडमच्या कामाबद्दल भरभरून बोललात, त्या दिवसापासून सह्याद्रीतल्या लायकेनवर आपल्याकडेच एवढं काम झालंय याचा मला फार अभिमान वाटतो.

आणि एक, रविवारी आमच्या सोसायटीतल्या मुलांना आंब्याच्या खोडावरचं पिक्सिन नावाचं लायकेन दाखवायचंय, अंधारात यूव्ही टॉर्च मारली की पिवळं चमकतं ते. म्हणून टॉर्च अजून आठवडाभर माझ्याकडेच राहू द्या, पुढच्या शनिवारी घरी आणून देते. खूप खूप आभार ताई.