दत्त्या, ते टेबल ग्रुपवर गेलं

शिकागो, रविवार रात्र

प्रिय दत्त्या,

किती महिने झाले ते मोजू नकोस, मोजलेस तर शिव्या दे आणि पुढे वाच. तुझे मेसेज आले होते, वहिनींच्या बदलीचा आणि वस्तीतल्या दाखल्यांच्या कॅम्पचा, दोन्हींना अंगठा टाकून गप्प बसलो. तब्येत बरी आहे, थंडीत गुडघा दुखतो, संपला विषय. फोन करणार होतो पण फोनवर तू मला बोलू देतोस कुठे, दोन मिनिटांत तुझं भाषण सुरू होतं, म्हणून टाइप करत बसलोय.

झालं असं. इथल्या मराठी मंडळाने कोजागिरीला संशोधनावर बोलायला बोलावलं. विषय तुला माहितीय, शिकागोच्या साउथ साइड भागातली काळी पोरं, त्यांचं घर, आणि पोलीस केसेस. मी आकड्यांची दोन टेबलं दाखवली. पहिल्यात साधं आहे, बाप घरात नसलेल्या पोरांना अटक होण्याचं प्रमाण जास्त. दुसऱ्यात तीच पोरं, पण आता वस्तीतल्या पुरुषांची बेकारी आणि बापाची जेल हेही धरलेलं, आणि मग तो पहिला आकडा चांगलाच खाली येतो. पूर्ण जात नाही, हे पण मी सांगितलं. पण दुसरं टेबल आलं तेव्हाच मसाला दूध आलं बे, आणि अर्धा हॉल उठला.

रात्री एका काकांनी पहिल्या टेबलाचा फोटो ग्रुपवर टाकला. वर लिहिलं, आपल्या सुनीलने सिद्ध केलं, शेवटी संस्कार. अंगठेच अंगठे. मग कोणीतरी लिहिलं, आपल्याकडे पण नाहीत का, पारधी, कैकाडी, त्यांच्यात पण ते रक्तातच असतं. त्यावर पण अंगठे, आणि त्यात एक अंगठा आपल्या बॅचच्या माणसाचा. नाव सांगत नाही, तू कॅम्प सोडून त्याच्या घरी जाशील.

मी लगेच दुसरं टेबल टाकलं, खाली लांबलचक लिहिलं. त्यावर एकाने हात जोडले आणि दुसऱ्याने कोणाच्या तरी मुलाला वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या. झालं.

इथे कुणाला सांगू? ऑफिसात सांगितलं तर पारधी कोण इथून सुरुवात करावी लागेल. तुला सांगावं लागत नाही. वर्गात कोणाचा कंपास हरवला की आधी कोणाचं दप्तर उलटं व्हायचं, हे काय मी तुला सांगू.

मला राग काकांचा कमी आणि धास्ती जास्त वाटतेय, कारण हे असंच एकदा आधी होऊन गेलंय. १९६५ साली इथल्या कामगार खात्यातल्या मॉयनिहॅन नावाच्या माणसाने काळ्या कुटुंबांवर सरकारी रिपोर्ट लिहिला. तेव्हा काळ्या पोरांपैकी साधारण चौथा हिस्सा लग्नाबाहेर जन्मायचा, आणि तो म्हणाला कुटुंब मोडतंय. पण त्याच रिपोर्टात गुलामगिरी होती, पुरुषांची बेकारी होती, आणि त्याला स्वतःला पाहिजे होतं की सरकारने नोकऱ्या काढाव्यात. त्याचा स्वतःचा बाप तो दहाएक वर्षांचा असताना घर सोडून गेलेला, आईने वाढवलेला माणूस. ऑगस्टमध्ये रिपोर्ट बाहेर फुटला, त्याच सुमाराला लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागात दंगल पेटली, आणि लोकांनी त्यातून एकच ओळ उचलली, की यांची घरंच सडलेली. बेकारीचं पान कोणी वाचलंच नाही. तिथे पण मसाला दूध आलं असेल.

पुढचं त्याहून वाईट. त्या गदारोळानंतर चांगल्या चांगल्या अभ्यासकांनी वीसेक वर्षं हा विषयच सोडून दिला, हात लावला तर वंशवादी ठरू म्हणून. आणि मैदान मोकळं मिळालं काकांना. १९८७ ला विल्यम ज्युलियस विल्सन, स्वतः काळा, इथेच शिकागोत प्रोफेसर, त्याने सरळ लिहिलं की आपण गप्प बसलो म्हणून दुसरे बोलले. त्याच वर्षी सॅम्पसन नावाच्या माणसाने शहरांचे आकडे लावून दाखवलं की पुरुषांना काम नाही म्हणून घरं फुटतात, आणि घरं फुटलेल्या वस्तीत पोरं हिंसेकडे वळतात. गोऱ्यांत पण घरं फुटली की परिणाम तसाच. म्हणजे हे रक्ताबिक्ताचं काही नाही, साखळी आहे, आणि साखळीचं पहिलं कडं कारखान्याच्या गेटवर आहे. इथल्या साउथ साइडला स्टीलच्या गिरण्या होत्या, विस्कॉन्सिन स्टील १९८० ला बंद, साउथ वर्क्स १९९२ ला बंद. तुला आपल्या मिलचा भोंगा बंद झाला तेव्हाची गल्ली आठवते ना? तीच गल्ली इथे आहे, फक्त बंदुका सहज मिळतात.

आता खरी गोष्ट ऐक. आमच्या फॉर्मवर एक रकाना आहे, बाप घरात राहतो का, हो किंवा नाही. एका पोराच्या घरी गेलो सकाळी, चौदा वर्षांचा, सरकारी मदतीचं घर, आई आणि आजी. रकान्यात नाही. मी निघणार तेवढ्यात दार उघडून एक माणूस आत आला, गोदामातल्या नाइट शिफ्टचं पिवळं जॅकेट अंगावर, डोळे लाल. त्याने पोराचा एक मोजा सोफ्याखालून काढला, दुधाचा कार्टन हुंगून बघितला, वही दप्तरात आहे का विचारलं, पोराने आहे म्हणलं तर स्वतः चेन उघडून बघितलं आणि नव्हती, मग ती शोधली. मग गाडीतून शाळेत सोडलं आणि पोरगा गेटच्या आत जाईपर्यंत तिथेच थांबला. हा बाप. रोज येतो. दोन ब्लॉक पलीकडे बहिणीकडे झोपतो.

का तर त्याच्यावर जुनी ड्रगची केस. घराच्या करारावर, म्हणजे लीजवर, नाव घालायला गेलं तर अर्ज नामंजूर होणार, आणि तो तसाच राहतोय हे कळलं तर आईचंच घर जायचं. १९९६ पासून सरकारी घरांना एक चूक की बाहेर असं धोरण लागलं, आणि २००२ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की घरातल्या कोणी किंवा पाहुण्याने ड्रगचं काही केलं आणि भाडेकरूला पत्ताही नसला तरी तिला बाहेर काढता येतं. त्याच्या आधीच्या पिढीत तर सरकारी पैसे घेणाऱ्या बाईच्या घरी अधिकारी रात्री येऊन बघायचे की पुरुष झोपलाय का, झोपलेला सापडला की पैसे बंद. ते १९६८ ला कोर्टाने थांबवलं. म्हणजे बापाने घरात राहू नये ही अट सरकारची, आणि बाप घरात नाही ही नोंद माझी. त्याच नोंदीचं टेबल होतं, आणि टेबलाचा फोटो ग्रुपवर जातो.

गंमत बघ, २०१३ ला छापलेला सरकारचाच सर्व्हे सांगतो की लहान पोरांबरोबर राहणाऱ्या काळ्या बापांपैकी सत्तर टक्के रोज पोराला आंघोळ घालणं, कपडे घालणं, शी-शू बघणं यातलं काहीतरी करतात, गोरे बाप साठ टक्के. तू किती करायचास ते वहिनींना विचारून कळव.

आणि एक आकडा काकांना दिला तर काका गप्प होतात (खोटं, होत नाहीत, पण मला बरं वाटतं). १९९१ ला या देशात लाखामागे जवळपास दहा खून व्हायचे, २०१४ ला साडेचारच्या आसपास. म्हणजे निम्म्याहून कमी. त्याच काळात लग्नाबाहेर जन्मणाऱ्या काळ्या पोरांचं प्रमाण सत्तर टक्क्यांच्या आसपास होतं तिथेच राहिलं. सगळा दोष कुटुंबाचा असता तर खून कमी कशाने झाले असते?

पण दत्त्या, मी उलट्या बाजूच्यांना पण वैतागलोय. टीममधला एक जण म्हणतो, कुटुंबाचा रकानाच काढून टाकू, कटकट नको. हे पण मला पटत नाही. रात्री पोरगा कुठे आहे हे घरात कोणाला तरी माहीत असणं, मार कमी आणि लक्ष जास्त असणं, याने फरक पडतो, काळ्या-गोऱ्या दोघांत पडतो. बॉस्टनमध्ये १९५० च्या आधी पाचशे बिघडलेल्या आणि पाचशे न बिघडलेल्या पोरांचा अभ्यास झाला, सगळी गोरी पोरं, आणि त्यात पण हेच निघालं. तुझ्यावर आक्कासारख्या आजीचा डोळा नसता तर तू कुठे असतास ते आपल्या दोघांना माहितीय. त्या तळ्याच्या रात्री ती कंदील घेऊन आली नसती तर मी पण कुठे असतो देव जाणे.

आक्काचंच डोक्यात आहे मला. ती सेटलमेंटच्या तारेच्या आत जन्मलेली, इंग्रजांनी जन्मानेच गुन्हेगार ठरवलेल्या जमातींना कोंडायचे तिथे. पास घेतल्याशिवाय बाहेर पडायचं नाही, बापाची हजेरी चुकली की आत. तो गुन्हेगार जमातींचा कायदा १८७१ चा, गेला १९५२ ला, पण तुझ्या बापाला दिवाळी आली की उचलायचेच की नाही? दहावीच्या निकालाला तुझा बाप कुठे होता? तेव्हा आमचा फॉर्म घेऊन कोणी आलं असतं तर लिहिलं असतं, बाप घरात नाही. आजी कुठे घालायची याला रकानाच नव्हता. आता आहे, मी घातलाय, भांडून. बाप कुठे, का, किती वेळा येतो, आणि घरात अजून कोण बघतं. आमच्या टीमच्या मॅडमना पटलं. मॅडम स्वतः त्याच वस्तीतल्या, आजीनेच वाढवलेल्या, त्या म्हणाल्या लिही सगळं, पण दोन्ही टेबलं एकाच पानावर आणि एकाच चौकटीत. मी म्हणलं, लोकं चौकट कापतात. त्या म्हणाल्या, मग कापणाऱ्याला मेहनत पडू दे.

तरी झोप येत नाही. रिपोर्ट महापालिकेकडे जाणार आहे, तिथे पण कोणीतरी काका असणारच.

बाबासाहेबांनी १९४६ ला इथल्या काळ्यांचा नेता आणि अभ्यासक डु बॉइसला पत्र लिहिलं होतं, तुमच्या लोकांनी युनोत अर्ज केलाय त्याच्या प्रती पाठवा, आमच्या लोकांना पण उपयोगी पडेल म्हणून. आणि डु बॉइसने उत्तर पण दिलं. तू माझ्या पत्राला देशील का?

कारण विचारायचंय ते हे. रिपोर्टच्या सुरुवातीला एक पान माझं आहे, मी कोण, कुठून आलो, हा विषय मला का दिसला. तिथे आक्काबद्दल लिहू का? नाव नाही घालत, सोलापूर एवढंच. ती तुझी आजी आहे, माझी नाही, म्हणून हक्क तुझा. तुला वाटत असेल की आपल्या घरातलं माणूस परत कोणाच्या तरी फाइलीत नको, तर तसं सांग, मी वाद घालणार नाही. म्हणजे घालीन, पण हरेन.

बाकी, वहिनींची बदली रद्द झाली का? पिंकीने कॉमर्स घेतलं ना शेवटी, बरं केलं, तू सायन्ससाठी मागे लागू नकोस. कॅम्पमध्ये किती दाखले निघाले ते कळव. उत्तर लिहून दे, व्हॉइस नोट नको, तुझी व्हॉइस नोट कायम स्कूटरवर असते, निम्मा वेळ हॉर्नच ऐकतो मी.

तुझाच,
सुन्या

ता. क. पुढच्या महिन्यात बाळ्याचा मेहुणा इकडे येतोय. त्याच्याबरोबर शेंगाचटणी पाठव आणि पाकिटावर वजन लिही. मागच्या वेळची कस्टमने काढून घेतली म्हणाला, पण त्याच्या शर्टावर तेलाचा डाग होता.