चाक वर जातं तेव्हा कुठे पाहतं?

आर्वी तालुका, जि. वर्धा

प्रिय गड्या,

दोनदा अलाइनमेंट करूनही तुझी गाडी उंचवट्यावर बाजूला जाते, हे वाचून राहवलं नाही. मी घरी जोडलेल्या माझ्या गाडीचंही तेच होतं. शेतातच चालवतो, पण आपली काळी माती तुला माहीत आहे. पावसात फुगते, उन्हात भेगाळते, वाट सगळी लाटांची होते. मागच्या महिन्यात आईला बसवून धुऱ्याकडे निघालो. स्टिअरिंग सरळ धरलेलं, तरी प्रत्येक लाटेवर गाडी पऱ्हाटीत शिरू पाहत होती. आईनं दांडा घट्ट धरला, बोलली काही नाही. त्याच दिवशी ठरवलं, हे मुळातून पाहायचं.

अलाइनमेंटवाला गाडी उभी असताना टो मोजतो, म्हणजे वरून पाहिलं तर चाकाचं तोंड किती आत (टो-इन) किंवा बाहेर (टो-आउट) वळलंय ते. आपला त्रास मात्र चाक वर-खाली होताना टो बदलतो तो, म्हणजे बंप स्टिअर. चाक ए-आर्मच्या, म्हणजे त्याला फ्रेमशी जोडणाऱ्या दांड्याच्या, वर्तुळात फिरतं; टाय रॉडचं, म्हणजे स्टिअरिंगकडून चाक वळवणाऱ्या दांड्याचं, टोक स्वतःच्या वर्तुळात. दोन्ही वर्तुळं जुळली नाहीत की रॉड चाकाला ओढतो किंवा ढकलतो. तू स्टिअरिंग कितीही घट्ट धर, चाक वळतंच.

मोजायला महागडं काही लागत नाही. गाडी लाकडी ठोकळ्यांवर पक्की ठेवली, स्प्रिंग काढून घेतली, स्टिअरिंग मधोमध बांधून टाकलं. टायर काढून हबला (चाक बसतं त्या भागाला) सनमायका लावलेला सपाट प्लाय आवळला. लेथवाल्याकडून दोन डायल गेज (बारीक सरकणं काट्यावर दाखवणारी मापं) आणले आणि हबच्या पुढे-मागे, एकाच उंचीवर, एकमेकांपासून 300 मिमी अंतरावर प्लायला टेकवले. मग खालून जॅकनं हब 10-10 मिमी चढवायचा, उतरवायचा आणि दोन्ही आकडे वहीत लिहायचे. ए-आर्म झुलल्यानं सगळा प्लाय आत-बाहेर सरकतो, पण तो दोन्ही गेजवर सारखाच येतो. म्हणून फक्त फरक बघायचा आणि उंचीप्रमाणे त्याचा आलेख काढायचा. 300 मिमीवर 5.2 मिमी फरक म्हणजे साधारण 1 अंश. लेसर लावून भिंतीवर ठिपका बघायची पद्धतही आहे, पण त्यात हे सरकणंही ठिपक्यात मिसळतं, म्हणून मला दोन गेजच पटले.

डाव्या चाकाचे आकडे: 50 मिमी वर, टो-आउट 5 मिमी. 50 मिमी खाली, टो-इन 4 मिमी. जवळजवळ एक अंश, गड्या! आईच्या बाजूला बसून मी हे चालवत होतो.

आता नीट वाच. आलेख तिरका सरळ आला, म्हणजे वर एक दिशा आणि खाली उलट, तर चूक उंचीची: टाय रॉडचं आतलं किंवा बाहेरचं टोक चुकीच्या उंचीवर आहे. आलेख वाकडा आला, वर-खाली दोन्हीकडे टो एकाच बाजूला, तर चूक टाय रॉडच्या लांबीची. माझ्यात दोन्ही होत्या, पण उंचीची फार मोठी. रॅक, म्हणजे स्टिअरिंग फिरवल्यावर टाय रॉड सरकवणारी दातेरी दांडी, चाकाच्या मध्यरेषेमागे आहे आणि 10 मिमी खाली बसलेली होती. चाक वर गेलं की रॉड चाकामागचा स्टिअरिंग आर्म आत ओढायचा, चाकाचं तोंड बाहेर वळायचं. तुझी रॅक पुढे असेल तर टो-इन आणि टो-आउट उलटे वाच.

रॅकखाली 5 मिमीची पट्टी घातली, उभ्या गाडीचा टो परत सरळ केला आणि मोजलं. फरक निम्म्याजवळ आला. दुसरी पट्टी घातली, तेव्हा वर 0.5 आणि खालीही 0.5 मिमी टो-आउट, म्हणजे कोनाच्या सहा मिनिटांच्या (अंशाच्या दहाव्या भागाच्या) आसपास. हा उरलेला लांबीचा दोष आहे: माझे ए-आर्म 315 मिमीचे, रॉड 300 चा. रॉडचा पेच फिरवून तो जात नाही, त्यानं फक्त उभ्या गाडीचा टो बदलतो. त्यासाठी सांधाच सरकवावा लागतो. रॅक कापून जोडायचा सल्ला एकानं दिला, मी नाही ऐकला. स्टिअरिंगच्या कुठल्याही भागाला मी वेल्डिंग लावणार नाही, आणि तूही लावू नको. सहा मिनिटं चालतील.

काल त्याच वाटेनं आईला घेऊन गेलो. परतताना तिचे दोन्ही हात मांडीवर होते.

उजवं चाक अजून मोजायचं आहे. फ्रेम घरीच जोडलेली, दोन्ही बाजू सारख्याच असतील असं धरून चालता येत नाही. गेज लेथवाल्याला परत द्यायचे आहेत, तूर सोंगायच्या आत ये. तुझ्या गाडीचे ए-आर्म आणि टाय रॉडच्या सांध्यांची मापं लिहून आण, दोघं बसून काढू.

तुझाच,
दोस्त