कंडक्टरच्या मशीनमधले नागपूर

मा. पालकमंत्री, नागपूर जिल्हा यांस,

सप्रेम नमस्कार.

मी सक्करदऱ्याला राहते आणि हिंगणा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात हिशेबाचे काम करते. रोज जाऊन-येऊन पंचवीसेक किलोमीटर स्कूटर, म्हणजे अर्धा लिटर पेट्रोल. लिटरभर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. माझ्या एकटीच्या नावावर रोज किलोभराहून जास्त. स्कूटर घरी ठेवायची माझी मनापासून तयारी आहे, म्हणूनच हे पत्र: बस-मेट्रोच्या प्रवासाच्या नोंदी एकत्र आणा आणि त्यांवरून फेऱ्या ठरवा.

मागे स्कूटर गॅरेजला होती तेव्हा बसने बर्डीला, म्हणजे सीताबर्डीला गेले. कंडक्टरने मशीनची बटणे दाबली आणि बोटभर तिकीट बाहेर आले. कुठे चढले, कुठे उतरणार, किती वाजता, भाडे किती, सगळे त्यावर. सकाळी आठ ते दहा कोणत्या थांब्यावरून कुठे किती माणसे जातात, हे त्या मशीनला ठाऊक आहे. बसचा जीपीएस ती कुठे अडकते ते सांगतो. मेट्रोच्या गेटवर येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंद होते. चौकाचौकातले कॅमेरे गाड्या मोजू शकतात. या सगळ्या नोंदी वेगवेगळ्या खात्यांकडे आहेत. त्यांना एका टेबलावर आणायचे काम तुमच्याशिवाय दुसरे कोणी करू शकत नाही.

डिसेंबर २०२२ पासून मेट्रोचा पहिला टप्पा पूर्ण सुरू आहे. हिंगण्याच्या बाजूच्या लोकमान्य नगर या शेवटच्या स्टेशनवर कोणत्या वेळी किती जण उतरतात आणि एमआयडीसीतल्या पाळ्या केव्हा सुटतात, हे दोन आकडे शेजारी ठेवले तरी तिथून पुढच्या बसचे वेळापत्रक लावता येईल.

पण एक गोष्ट मशीन सांगत नाही. त्याच दिवशी मेडिकल चौकात, सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्याजवळ, एक आजी एक्स-रेचा मोठा लिफाफा छातीशी धरून उभ्या होत्या. "बाई, मानेवाड्याची बस केव्हा येते वो?" त्यांनी मला विचारले, मग पानठेल्यावाल्याला. आम्हा दोघांनाही सांगता आले नाही. शेवटी त्या ऑटोत बसून गेल्या. त्या आजी कुठल्याच तिकिटात नाहीत. नुसती तिकिटे पाहून फेऱ्या ठरवल्या, तर जिथे बस कमी तिथे तिकिटे कमी, आणि तिकिटे कमी म्हणून बस आणखी कमी. म्हणून मेडिकल, इतवारी, कारखान्यांची फाटके अशा ठिकाणी माणसे उभी करून विचारायला हवे, बायकांना तर आवर्जून. शाळा, बाजार, दवाखाना करत त्या चार तुकड्यांत प्रवास करतात.

आणि ही माहिती खुली करा. कोची मेट्रो आणि दिल्लीने ते २०१८ मध्येच सुरू केले; दिल्लीत बस आत्ता कुठे आहे, हेही कोणालाही घेता येते. आपल्याकडे व्हीएनआयटीसारखे इंजिनिअरिंग कॉलेज आहे, पर्यावरणावर संशोधन करणाऱ्या नीरीचे मुख्यालय आहे. इथल्या पोरांच्या हाती आकडे पडले, तर त्या आजींना बसची वेळ सांगणारा फलक अवघड नाही. मात्र नावे, मोबाइल आणि कार्ड क्रमांक आधी काढून टाकावेत. कोण कुठे जाते, हे ज्याचे त्याच्यापाशीच राहिले पाहिजे.

२०१९ च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातल्या प्रदूषित शहरांच्या यादीत नागपूर आहे. इथल्या हवेत कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांचा धूर आहे, बांधकामांची धूळ आहे, सगळा दोष गाड्यांचा नाही. पण गाड्यांचा वाटा किती, हे कळायला हवेचे तासागणिक आकडे रहदारीच्या आकड्यांशी जोडून पाहावे लागतील.

सुरुवात एकाच पट्ट्यातून करा: सक्करदरा, मेडिकल, बर्डी, हिंगणा. तीन महिने आकडे गोळा करा, फेऱ्या बदला आणि काय फरक पडला ते लोकांसमोर मांडा. माझ्या जाण्या-येण्याच्या वेळा मी लिहून ठेवते आहे. मागाल तेव्हा वही आणून देईन.

आपली,
सक्करदऱ्याची एक रहिवासी