जुहलींचं नाव

चिपळूण, रविवार

चि. सलमास,
सलाम आणि पुष्कळ दुआ.

परवा फोनवर तू म्हणालीस, "त्या बाईंचं नाव मी प्रबंधात कुठेच येऊ देणार नाही." मी नुसतं 'बरं' म्हटलं, कारण अम्मी शेजारी बसली होती आणि तुझा आवाज चिरकला होता. बाई तुला सगळ्यांच्या देखत जे बोलल्या ते वाईटच होतं, त्यावर पांघरूण घालायला हे पत्र नाही. पण तिसऱ्या प्रकरणातलं शिलालेखाचं वाचन त्यांचंच, हेही तूच मागे मला सांगितलं होतंस. रात्री झोप लागेना तेव्हा इमाम बुखारी आठवले, हदीसी म्हणजे पैगंबरांच्या बोलण्या-वागण्याच्या नोंदी गोळा करणारे.

"बुखारीत आहे" म्हटलं की आपल्याकडे वाद मिटतो. त्या नावामागचा माणूस मात्र फारसा कुणाला ठाऊक नसतो. हिजरी 194 म्हणजे इसवी सन 810 मध्ये बुखारा शहरात जन्म. हल्लीचं उझबेकिस्तान. वडील लवकर गेले, आईनेच वाढवलं. दहा-अकरा वर्षांचा असताना हा मुलगा एका उस्तादांच्या दर्सला बसला होता. उस्ताद म्हणाले, अमुक हदीस अबू जुबैरने इब्राहिमकडून ऐकली. पोरगा म्हणाला, अबू जुबैरने इब्राहिमकडून काही ऐकलेलंच नाही. उस्ताद रागावले. पोरगा म्हणाला, मूळ वही असेल तर पाहा. ते आत गेले, वही पाहिली आणि बाहेर येऊन विचारलं, "मग कोण ते?" "जुबैर बिन अदी." उस्तादांनी पोराच्याच हातातली लेखणी घेऊन आपली प्रत दुरुस्त केली. मला या गोष्टीत पोरापेक्षा ते उस्तादच जास्त आवडतात. मी छत्तीस वर्षं शिकवलं. पोराची लेखणी मागून घेणं किती अवघड असतं ते मला विचार.

सोळाव्या वर्षी आई आणि भावाबरोबर हजला गेले. ती दोघं परतली, हे मक्केतच शिकायला राहिले. (तुला पुण्याला सोडून एस.टी.त बसलो तेव्हा अम्मी खेडपर्यंत एक शब्द बोलली नव्हती. तिथे तर वाट महिनोन्‌महिन्यांची.) अठराव्या वर्षी मदिनेत पैगंबरांच्या (स.) कबरीजवळ बसून चांदण्या रात्री त्यांनी 'तारीख-ए-कबीर' लिहायला घेतली. तीत नुसती माणसं आहेत, बारा हजारांहून जास्त रावी, म्हणजे हदीस पुढे सांगणारे. कोण कुणाचा मुलगा, कुठला, कुणाकडून ऐकलं, कुणाला सांगितलं. कारण हदीस म्हणजे नुसता मजकूर नव्हे. त्याच्या आधी सनद येते, म्हणजे मला याने सांगितलं, त्याला त्याने, अशी पैगंबरांपर्यंत पोचणारी नावांची साखळी. मधलं एक नाव गळलं की मजकूर कितीही सुंदर असो, तो तुटला. दोघे एकाच काळातले आहेत एवढ्यावरही बुखारींचं भागत नसे, त्यांची भेट झाल्याचा पुरावा लागे. सोळा वर्षं, सहा लाख रिवायती (सांगून आलेल्या हदीसी) चाळून त्यांचा संग्रह, 'सहीह', तयार झाला. पुनरुक्तीसह हदीसी 7,275 मोजतात. प्रत्येक हदीस लिहिण्याआधी गुस्ल म्हणजे अंघोळ आणि दोन रकात नमाज. आकडे तुला पाठ असतील, पुढे जातो.

खरं सांगायचंय ते इराणमधल्या निशापूरचं. हिजरी 250 मध्ये बुखारी तिथे आले. गावचे सर्वांत मोठे मुहद्दिस, म्हणजे हदीसचे जाणकार, होते मुहम्मद बिन याह्या जुहली. ज्यांना स्वागताला यायचं असेल त्यांनी या, मीही जाणार आहे, असं त्यांनीच लोकांना सांगितलं होतं. मग बुखारींच्या दर्सला गर्दी वाढली, जुहलींची बैठक ओस पडू लागली. त्यात एकाने भरसभेत प्रश्न टाकला: कुरआन पढणाऱ्याचा उच्चार निर्मित (घडवलेला) की अनिर्मित? अशाच प्रश्नावरून काही वर्षांपूर्वी बगदादमध्ये लोकांनी चाबूक खाल्ले होते. बुखारींनी टाळायचा प्रयत्न केला, शेवटी म्हणाले, कुरआन अल्लाहचं कलाम, ते निर्मित नाही. माणसाची कृती मात्र निर्मित. जुहलींनी जाहीर केलं, असं म्हणणाऱ्याने आमच्या बैठकीत बसू नये. ते ऐकून इमाम मुस्लिम, 'सहीह मुस्लिम' हा दुसरा हदीससंग्रह करणारे, उठून गेले आणि जुहलींकडून लिहून घेतलेलं सगळं बाड हमालाच्या पाठीवर घालून परत पाठवलं. बुखारींना निशापूर सोडावं लागलं. पुढे बुखारातही टिकता आलं नाही. तिथला अमीर, म्हणजे शासक, म्हणाला, वाड्यावर येऊन माझ्या मुलांना शिकवा. हे म्हणाले, इल्म (विद्या) कुणाच्या दारात जात नाही. तिथूनही घालवलं. समरकंदजवळ खरतंगला, हिजरी 256 मध्ये, ईदुल फित्रच्या रात्री गेले. बासष्टावं वर्ष.

आता 'सहीह' उघड. जुहलींकडून घेतलेल्या हदीसी तीत आहेत, सुमारे तीस ठिकाणी. जुहलींनी दार बंद केलं म्हणून त्यांनी सांगितलेली खरी हदीस खोटी ठरत नव्हती, म्हणून ती राहिली.

तू लगेच म्हणशील, अब्बा, पूर्ण नाव कुठे आहे? बरोबर. कुठे नुसतं 'मुहम्मद', कुठे आजोबांचं नाव लावून 'मुहम्मद बिन अब्दुल्लाह'. 'मुहम्मद बिन याह्या जुहली' असं सरळ एकदाही नाही. का, यावर आलिमांनी पुष्कळ लिहिलंय. मला विचारशील तर माणूस दुखावला होता. पण हात आखडला तो एवढाच. साखळीतली ती जागा रिकामी ठेवली नाही, तिथे दुसऱ्या कुणाला बसवलं नाही. मुस्लिमनी आपल्या ग्रंथात जुहली आणि बुखारी दोघांकडूनही काही घेतलं नाही. तोही एक मार्ग आहे आणि मुस्लिमना कुणी लहान म्हणत नाही. पण तो तुला हवा असेल तर तिसरं प्रकरणच काढावं लागेल. वाचन ठेवायचं आणि बाई काढायच्या, असा मार्ग दोघांपैकी कुणाकडेच मला सापडत नाही.

हे सगळं मी कुठल्या तोंडाने सांगतोय, तेही लिहितो. आमच्या शाळेच्या स्मरणिकेचा संपादक मी होतो, आठवतं? ग्रंथालय कुणी उभं केलं त्यावर पानभर मजकूर आहे, 'शाळेने उभारले' असा. ते एका माणसाने उभं केलं होतं, सुट्टीच्या दिवशी सायकलवर पुस्तकं आणून. त्यांचं माझं एका बढतीवरून फाटलं होतं. नाव मी प्रुफात काढलं. मुद्रकाने विचारलं, "सर, इथे कुणाचं नाव राहिलं का?" मी 'नाही' म्हणालो. ते गृहस्थ स्मरणिका घेऊन गेले, काही बोलले नाहीत. आता ते नाहीत.

न खपलेल्या सदतीस प्रती माळ्यावर होत्या. शुक्रवारी खाली काढल्या. त्या पानावर, 'शाळेने' शब्दाच्या वर, शाईच्या पेनाने नाव लिहायला घेतलंय. अक्षर थरथरतं म्हणून दिवसाला चार-पाचच होतात. आजवर चौदा झाल्या.

तुझे,
अब्बा